विकिपीडियाची मुद्रित आवृत्ती
विकिपीडिया या मुक्त, बहुलेखकी ज्ञानकोशातील मजकूर एका ठरावीक तारखेच्या स्थितीत घेऊन ग्रंथरूपात आणण्याचे प्रयत्न. यांतला सर्वांत ठळक जर्मनीतला. बेर्टेल्समान प्रकाशनसमूहाने २००८ मध्ये जर्मन विकिपीडियावर आधारलेला सुमारे १,००० पानांचा एकखंडी कोश काढला. किंमत १९.९५ युरो होती. त्यांपैकी प्रतीमागे एक युरो विकिपीडियाला पाठबळ देणाऱ्या विकिमीडियाच्या जर्मन संस्थेला जाई. विषयाच्या थोरवीपेक्षा वाचकांनी तो किती शोधला, यावर नोंदींची निवड ठरली. कोशाच्या परंपरेत हा निकष धीटच म्हणावा लागेल. लांबलचक लेखांचे आरंभीचे परिच्छेद घेऊन संपादकांनी ते तपासले, आटोपशीर केले.

खरी अडचण श्रेयाची. मुक्त परवान्यानुसार मजकूर कोणीही छापून विकू शकतो, मात्र लेखकांचा उल्लेख करणे आणि पुढील वापरासाठी तो तसाच मुक्त ठेवणे बंधनकारक असते. म्हणून या जर्मन कोशात सुमारे ९०,००० लेखकनामे बारीक टाइपात छापावी लागली. त्यांत टोपणनावेच बहुसंख्य.

अमेरिकी कलावंत मायकेल मँडिबर्ग यांनी २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कलादालनात संपूर्ण इंग्रजी विकिपीडिया छपाईयोग्य रूपात मांडला. चित्रे वगळूनही ७,४७३ खंड झाले. प्रत्यक्षात त्यांतले मोजकेच छापले. उरलेल्यांपैकी काहींचे फक्त कणे भिंतीवर चित्ररूपात दाखवले. एकट्या लेखकनामांचे परिशिष्टच ३६ खंडांचे होते.