लस नको म्हणणाऱ्या घरात आधी ऐकायचे असते

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसह अनेक वस्त्यांत गोवराची साथ आली, मुले दगावली. ‘हे लोक लस घेतच नाहीत’ असे तेव्हा आपल्या मोहल्ल्यांबद्दल ऐकावे लागले. आम्हाला ते अर्धवट वाटते. पेंटाव्हॅलंटच्या डोसनंतर बाळ रात्रभर तापते, मांडीवर गाठ येते, आणि असे होऊ शकते हे कुणी आधी सांगितलेलेच नसते. मग पुढच्या डोसला दार उघडत नाही.

म्हणूनच आशाताई आणि नर्स यांना प्रशिक्षणात चार गोष्टी सांगायला शिकवतात: आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, त्रास झाला तर काय करायचे, पुन्हा कधी यायचे, आणि कार्ड जपून सोबत आणायचे. त्याहून अवघड धडा म्हणजे वाद न घालणे. नकाराचे कारण विचारायचे, पूर्ण ऐकायचे, मग बोलायचे. आईशीच नव्हे, सासूशीही. बऱ्याच घरांत शेवटचा शब्द तिचाच!

पोलिओच्या थेंबांनी मूल होत नाही, अशी अफवा पश्चिम उत्तर प्रदेशात होती. युनिसेफने तिथे मोहल्ल्यातल्याच बायकांना तयार केले, इमामांनीही साथ दिली. भारतातला वाइल्ड (नैसर्गिक) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. राहून गेला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो. कार्ड हरवले म्हणून थांबू नका.