कापूस आणि अराल समुद्र

जैन दर्शनात पाणी हा केवळ उपभोगाचा पदार्थ मानलेला नाही; ते अपकायिक जीवांचे शरीर होय. म्हणूनच जाड सुती वस्त्राने पाणी गाळावे, वस्त्रात उरलेले जीव पुन्हा त्याच जलाशयात सोडावेत आणि पाणी बेताने वापरावे, असा आचार पूर्वसूरींनी घालून दिला. ज्या कापसाच्या वस्त्राने श्रावक पाणी गाळतो, त्याच कापसाच्या हव्यासापायी मध्य आशियात विसाव्या शतकात एक समुद्र आटला. समाजातील अनेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या व्यवसायात असल्याने हा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

अराल हे वास्तविक मचूळ पाण्याचे सरोवर. समुद्र हे नाव त्याच्या विस्तारामुळे पडले. १९६० साली त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सबंध कोकणाच्या दुपटीहून अधिक होते. या प्रदेशात पाऊस नाममात्र. पामीर पर्वतातून येणारी अमूदर्या आणि तिएन शान पर्वतातून येणारी सीरदर्या या दोन नद्यांवरच तो जगत असे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तेथील कापूस बाजारात येईनासा झाला, तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये सट्ट्याचा फुगा फुटून अनेक पेढ्या बुडाल्या, हे व्यापारी वर्गास सांगावयास नको. त्याच काळात रशियाच्या गिरण्यांनाही कापसाची चणचण भासली. १८६५ मध्येच रशियन सैन्याने ताश्कंद जिंकले आणि पुढे त्या मुलखात अमेरिकन जातीच्या कापसाची लागवड वाढत गेली. सोव्हिएत राजवटीने तर कापसाला 'पांढरे सोने' ठरवून सारी शेती त्याच्याच दावणीला बांधली. १९५४ मध्ये काराकूम कालव्याचे काम सुरू झाले. वाळवंटातून गेलेला हा कालवा वाढत वाढत १३०० किलोमीटरांहून लांब झाला. त्याच्या बऱ्याच भागाला अस्तर नसल्याने पुष्कळ पाणी वाळूतच मुरत राहिले.

समुद्र आटणार हे नियोजनकारांना ठाऊक नव्हते, असे नाही. समुद्रास मिळणारे पाणी वायाच जाते, तेच शेतीला दिल्यास अधिक उत्पन्न होईल, असा त्यांचा हिशेब होता. खतावणीत कापूस जमेस धरला गेला. गेलेले पाणी नावे टाकलेच नाही. पुढे तर जमेची बाजूही खोटी निघाली. उझबेकिस्तानातील अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे कापसाचे फुगवलेले आकडे मॉस्कोस कळवले आणि कधी पिकलाच नव्हता अशा कापसाचे पैसे उचलले, हे १९८० च्या दशकातील चौकशीत उघड झाले. शेवटी समुद्र गेला तो गेलाच, शिवाय वहीही खोटीच!

अरालच्या दक्षिण किनाऱ्यावर, काराकल्पाकस्तानात, मुयनाक हे मासेमारीचे बंदर होते. हा व्यवसाय श्रावकाच्या आचारात बसणारा नाही, आणि त्याची भलामण करण्याचाही येथे हेतू नाही. तथापि त्यावर पोट असलेल्या सहस्रावधी कुटुंबांचे दुःख परके मानणे हेही करुणेला शोभणारे नाही. पाणी मागे हटू लागले तेव्हा बोटींसाठी चर खणले गेले. पाणी त्याहून वेगाने हटले. पाण्यातील क्षार वाढून मासे मेले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी धंदा बंद पडला. डबाबंद मासळीचा कारखाना तगवण्यासाठी दूरच्या बाल्टिक समुद्रातून माल आणला गेला. तोही कारखाना पुढे बंद झाला. बोटी वाळूत रुतून गंजल्या.

याहून भयंकर हानी डोळ्यांस न दिसणारी होती. उघड्या पडलेल्या तळावरील मीठ आणि कापसावर फवारलेल्या विषारी औषधांचा अंश वाऱ्याबरोबर उडून गावांवर, शेतांवर पडू लागला. पिण्याचे पाणी खारट झाले. स्त्रियांत व बालकांत रक्तक्षयाचे, तसेच श्वसनाच्या विकारांचे प्रमाण फार वाढले. उन्हाळे अधिक कडक, हिवाळे अधिक बोचरे झाले, कारण हवामान सौम्य राखणारे पाणीच उरले नव्हते. ज्यांना जमले ते गाव सोडून गेले.

एक किलो सुती कापडामागे, पावसाचे व सिंचनाचे मिळून, जगभराच्या सरासरीने सुमारे १० हजार लिटर पाणी लागते. दुकानात कापडाचा ताका गिऱ्हाइकापुढे उलगडताना हा आकडा कोठेच लिहिलेला नसतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अरालचे उत्तर व दक्षिण असे दोन तुकडे झाले. दक्षिणेकडील भाग आक्रसतच गेला आणि २०१४ मध्ये त्याचा पूर्वेकडील हिस्सा पूर्णपणे कोरडा पडला. उझबेकिस्तानने २०२० मध्ये शेतकऱ्यांवरील कापसाची सरकारी सक्ती उठवली. आटलेल्या तळावर वाळू थोपवण्यासाठी साक्सौल या वाळवंटी झाडाची लागवड करण्यात आली. उत्तरेस मात्र कझाकस्तानने जागतिक बँकेच्या साहाय्याने कोकराल बांध बांधला. २००५ मध्ये तो पूर्ण झाल्यावर पाण्याची पातळी अपेक्षेपेक्षा लवकर वाढली, खारटपणा घटला आणि काही गावांत सोडून गेलेली माणसे परतली. अराल्स्क या जुन्या बंदरापासून दूर गेलेला किनाराही पुष्कळ जवळ आला; परंतु धक्क्यापर्यंत पाणी पोहोचले नाही.