धुरापासून वाफेपर्यंत : उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यातला बाळदमा

दम्याच्या झटक्यात औषध श्वासावाटे द्यावे, हा विचार भारतात जुना आहे. धोतरा जाळून धूर ओढण्याची रीत 1802च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला पोचली आणि पुढे युरोपात धोतऱ्याच्या सिगारेटी शतकाहून अधिक काळ खपल्या. लहान मुलांना मात्र हा उपाय धोक्याचा, कारण मात्रा चुकली की विषबाधा. घरोघरी भरवसा होता तो अडुळशाच्या रसावर. त्याने कफ सुटतो, पण आवळलेल्या श्वासनलिका काही लगेच मोकळ्या होत नाहीत.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले आणि 1949 मध्ये तिचे उल्हासनगर झाले. तेव्हाच्या वैद्यकाकडे झटक्यावर मुख्यतः तीनच औषधे होती : कातडीखाली ॲड्रेनलिन, एफेड्रिनची गोळी आणि शिरेतून ॲमिनोफायलिन. यांतले शेवटचे फार बेभरवशाचे. गुणाची मात्रा आणि अपायाची मात्रा यांत अंतर थोडे, म्हणून ते सावकाश द्यावे लागे. घाई झाली की ओकारी, धडधड, कधी आकडीसुद्धा.

1956 मध्ये अमेरिकेत रायकर कंपनीने दाबायचा पंप आणला. कंपनीप्रमुखाच्या दमेकरी मुलीने औषधही अत्तरासारखे फवारता येईल का, असे विचारले होते म्हणतात. 1969 मध्ये श्वासनलिका मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल बाजारात आले आणि 1970च्या दशकात सिप्लाने भारतात फवाऱ्याचे पंप आणले. मुलांची अडचण वेगळीच होती : दाबणे आणि श्वास ओढणे एकाच क्षणी त्यांना जमत नाही. ती मास्क लावलेल्या स्पेसरने, म्हणजे फवारा धरून ठेवणाऱ्या नळीने, सुटली. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत औषधाचे बारीक तुषार करणारा नेब्युलायझर आला आणि ‘वाफ द्यायला नेणे’ रुळले.

दरम्यान अंबरनाथ आणि बदलापूरला एमआयडीसीत रसायनांचे कारखाने वाढले. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडल्याने शेकडो लोकांना त्रास झाला, तर जून 2021 मध्ये बदलापुरात वायुगळती होऊन लोकांना श्वास घेणे जड गेले. दमेकरी मुलांच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात. जळजळीत वायूने त्या चटकन आवळतात.

आज झटक्यात स्पेसरमधून साल्ब्युटामॉल पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी देतात, जोडीला स्टेरॉइड आणि रक्तातला प्राणवायू घटला असेल तर ऑक्सिजन. झटका तीव्र असेल तर इप्राट्रोपियम आणि मॅग्नेशियम सल्फेटही वापरतात. ॲमिनोफायलिन आता क्वचितच लागते. ‘पंपाची सवय लागते’ ही निराधार भीती मात्र पालकांच्या मनातून गेलेली नाही.