नागरिकत्वाचा अर्ज आणि पूर्वायुष्याचे प्रकटीकरण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नांदुरा हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर व राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. महामार्गावरील गावाला वाहतूक पोलीस, दंडाची पावती आणि अधूनमधून होणारे 'रास्ता रोको' आंदोलन या गोष्टी नवीन नाहीत. दंड भरला, पावती हरवली आणि प्रसंग विस्मरणात गेला, असाच सर्वसाधारण अनुभव असतो. परंतु हाच मनुष्य पुढे शिक्षण वा नोकरीच्या निमित्ताने परदेशी स्थायिक होतो आणि तेथील नागरिकत्वाचा अर्ज भरू लागतो, तेव्हा अर्जातील एक प्रश्न त्याला थांबवतो. आपणांस कधी अटक झाली आहे काय, पोलिसांनी कधी ताब्यात घेतले किंवा नियमभंगाची नोटीस बजावली आहे काय, असा तो प्रश्न असतो. वेग मर्यादा ओलांडल्याबद्दल भरलेला दंड येथे लिहावयाचा की नाही? महाविद्यालयात असताना मोर्चातून पोलिसांच्या गाडीत बसवून नेले व सायंकाळी सोडून दिले, ती अटक समजावयाची काय?

वरवर पाहता हा वकिलाच्या सल्ल्याचा विषय वाटतो. तथापि नवागताने स्वतःच्या पूर्वायुष्याविषयी राज्यसंस्थेला काय सांगावे आणि सांगितलेल्या गोष्टीने कोण किती बांधला जातो, या प्रश्नाला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासात हिंदी माणसांचा, आणि त्यातही मराठी माणसांचा, वाटा लक्षणीय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. नागरिकत्वाच्या अर्जातील 'चारित्र्य' या अटीचा ऐतिहासिक विकास पाहणे.
२. हिंदी अर्जदारांच्या निवडक प्रकरणांतून प्रकटीकरणाचे परिणाम तपासणे.
३. वर्तमान अर्जदाराच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ स्पष्ट करणे.

प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन मुख्यतः कायदे व न्यायनिर्णय यांवर आधारलेले आहे.

वऱ्हाड आणि नागरिकत्वाची कल्पना

वऱ्हाडच्या रहिवाशाला 'आपण कोणाचे प्रजाजन?' हा प्रश्न अपरिचित नव्हता. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२ च्या करारान्वये वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. परंतु सार्वभौमत्व नाममात्र का होईना निजामाचेच राहिले. कर एकाच्या तिजोरीत जात होता आणि प्रदेश दुसऱ्याचा मानला जात होता. राज्यघटनेच्या पाचव्या कलमाने अधिवास, जन्म आणि वास्तव्य या आधारांवर येथील माणसाला भारताचे नागरिक ठरविले, तेव्हा हे द्वैत संपले. या नागरिकत्वासाठी नांदुऱ्याच्या शेतकऱ्याला अर्ज करावा लागला नाही आणि चारित्र्याचा दाखलाही द्यावा लागला नाही. जन्माने नागरिक असलेल्यास पूर्वायुष्य विचारले जात नाही. ते विचारले जाते बाहेरून येणाऱ्यास. नागरिकत्वाच्या अर्जातील मूळ विषमता हीच होय.

१९०६ चा अमेरिकन कायदा

अमेरिकेत नागरिकत्व देण्याचे काम दीर्घकाळ स्थानिक न्यायालये आपापल्या पद्धतीने करीत. २९ जून १९०६ च्या कायद्याने या कामात एकसूत्रता आणली. अर्जदाराने प्रथम इराद्याची घोषणा करावी, नंतर विनंतीअर्ज दाखल करावा, दोन नागरिक साक्षीदार द्यावेत, पाच वर्षांचे सलग वास्तव्य आणि त्या काळातील सद्वर्तन सिद्ध करावे, अशी रीत ठरली. सुनावणीस हजर राहून हरकत घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. याच कायद्याच्या पंधराव्या कलमाने फसवणुकीने किंवा बेकायदेशीररीत्या मिळविलेले प्रमाणपत्र रद्द करण्यासाठी दावा लावण्याची तरतूद केली. अर्जदाराचा शब्द आता कायमचा दस्तऐवज झाला. वीस वर्षांनीही तो काढून पडताळता येणार होता.

भगतसिंग थिंड : प्रकट केलेला भूतकाळ

भगतसिंग थिंड १९१३ मध्ये अमेरिकेस गेले आणि १९१८ मध्ये तेथील सैन्यात दाखल झाले. त्याच वर्षी मिळालेले त्यांचे नागरिकत्व चारच दिवसांत काढून घेण्यात आले. ऑरेगॉन राज्यात त्यांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा सरकारने दोन हरकती घेतल्या. ते कायद्यातील अर्थाने 'गौरवर्णीय' नाहीत, ही पहिली. आणि गदर चळवळीतील मंडळींशी त्यांचा संबंध होता, ही दुसरी. सॅन फ्रान्सिस्को येथील हिंदी-जर्मन कट खटल्याचा निकाल १९१८ मध्ये लागून तारकनाथ दास यांच्यासारख्यांना कारावास झालेला होता. हे वातावरण लक्षात घेता दुसरी हरकत किरकोळ नव्हती.

थिंड यांनी ओळखी नाकारल्या नाहीत. हिंदुस्थान हिंदी लोकांचा असावा, ब्रिटिश सत्ता जावी, हे आपले मत असल्याचे त्यांनी सांगितले. मात्र सशस्त्र उठावाचा पुरस्कार आणि अमेरिकेच्या तटस्थतेचा भंग करणाऱ्या कारवायांतील सहभाग त्यांनी नाकारला. न्यायमूर्ती वुल्व्हर्टन यांनी १९२० मध्ये त्यांची साक्ष विश्वसनीय मानली व नागरिकत्व मंजूर केले. त्या काळात सर्वांत संशयास्पद मानला जाणारा भूतकाळ स्पष्टपणे मांडला गेला आणि तो अर्जाच्या आड आला नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

आड आला तो वर्ण. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य सामान्य माणसाच्या समजुतीतील गौरवर्णीय नाही, असा निर्णय दिला. प्रामाणिकपणा अर्जदाराला खोटेपणाच्या आरोपापासून वाचवितो. अन्याय्य कायद्यापासून वाचवितोच असे नाही. ही मर्यादा मान्य करूनच पुढील प्रकरणाकडे वळले पाहिजे.

सखाराम गणेश पंडित : शासनाला बांधणारा दस्तऐवज

थिंड यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेले वकील म्हणजे सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, नाव मात्र ठळकपणे मराठी वळणाचे. हिंदी तत्त्वज्ञानावर व्याख्याने देत ते अमेरिकेत स्थिरावले. १९१४ मध्ये लॉस एंजेलिस येथील न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले आणि १९१७ मध्ये ते कॅलिफोर्नियात वकील झाले. विवाह, घर, व्यवसाय असे सारे आयुष्य त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर उभे राहिले. थिंड निर्णयानंतर सरकारने हिंदी लोकांची आधीची प्रमाणपत्रे रद्द करण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा पंडितांवरही दावा दाखल झाला.

पंडितांचा बचाव अभ्यसनीय आहे. आपण गौरवर्णीय आहोत की नाही, या वादात त्यांनी आपले सर्वस्व पणाला लावले नाही. तो वाद थिंड प्रकरणात हरलेला होता. १९१४ मध्ये आपण कोण, कोठले, हे काहीच लपविलेले नव्हते. सरकारला हरकत घेण्याची पूर्ण संधी होती. न्यायालयाने निर्णय दिला आणि सरकारने त्यावर अपील केले नाही. त्या निर्णयावर विसंबून आपण आयुष्य उभारले. आता तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या दिवाणी कायद्यात ज्याला 'प्राङ्न्याय' म्हणतात, त्या तत्त्वाचा हा आश्रय होता. जिल्हा न्यायालयात ते जिंकले. १९२६ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची विनंती दाखल करून घेण्यास नकार दिला. त्यानंतर हिंदी लोकांविरुद्धची ही मोहीम थंडावली. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग रीतसर खुला झाला.

या प्रकरणाचा बोध सामान्य समजुतीच्या उलट आहे. प्रकटीकरण म्हणजे शासनाच्या हाती आपल्याविरुद्ध दिलेले हत्यार, असे अर्जदाराला वाटते. पंडितांच्या बाबतीत मात्र शासनच त्या नोंदीने बांधले गेले. त्यांनी काही दडविले असते, तर फसवणुकीच्या आधारे १९१४ चा निर्णयच पोकळ ठरला असता आणि प्राङ्न्यायाचा आधार उरला नसता.

पांडुरंग खानखोजे : दुसऱ्याने लिहिलेली नोंद

भूतकाळाची नोंद नेहमी अर्जदारच लिहितो असे नाही. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीच्या अग्रणींपैकी एक होते. पुढे १९२४ पासून त्यांनी मेक्सिकोत चापिंगो येथील कृषिविद्यालयात अध्यापन व संशोधन केले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी मायदेशी येण्यासाठी परवाना मागितला, तेव्हा ब्रिटिश राजवटीने तयार केलेल्या काळ्या यादीतील नावामुळे तो आरंभी नाकारण्यात आला. नकार नंतर मागे घेतला गेला आणि १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले. राज्य बदलले तरी कागद बदलला नव्हता.

ज्या नोंदीस उत्तर देण्याची संधीच मिळत नाही, ती नोंद सर्वांत घातक असते. अर्जातील प्रश्न कितीही जाचक वाटला तरी तो उत्तर देण्याची जागा देतो. खानखोजे यांना ती जागा उशिरा मिळाली.

क्षुल्लक दंड आणि शपथेवरील असत्य

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. फेडोरेन्को प्रकरणात (१९८१) ट्रेब्लिंका छळछावणीतील पहारेकरी असल्याचे लपविणाऱ्याचे नागरिकत्व रद्द झाले. कुंगिस प्रकरणात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा भेद केला. माहिती दडविल्याच्या कारणावरून नागरिकत्व रद्द करावयाचे, तर दडविलेली गोष्ट निर्णयावर परिणाम करण्याजोगी असली पाहिजे. परंतु लाभ मिळविण्याच्या हेतूने शपथेवर तोंडी खोटी साक्ष दिली, तर ती गोष्ट महत्त्वाची होती की नाही, हे पाहण्याचे कारण नाही. त्या असत्यानेच सद्वर्तनाला बाध येतो. मास्लेन्याक प्रकरणात (२०१७) फौजदारी कारवाईपुरते शासनावर बंधन आले : असत्याने नागरिकत्व मिळण्यात काही भूमिका बजावली, हे सिद्ध केले पाहिजे.

वाहतूक दंडाचा प्रश्न या भेदाच्या नेमका मध्यावर उभा आहे. अमेरिकन अर्जाच्या सूचनांनुसार प्रत्यक्ष अटक नसेल, मद्य वा अमली पदार्थांचा संबंध नसेल आणि शिक्षा पाचशे डॉलरपेक्षा कमी दंडाची वा परवान्यावरील गुणांची असेल, तर त्याची कागदपत्रे जोडण्याची गरज नसते. कागद जोडण्यातून मिळालेली ही सूट आहे. खरे उत्तर देण्यातून नव्हे. पुष्कळ अर्जदारांची गफलत येथेच होते. ऑगस्ट २०२५ च्या अमेरिकन प्रशासकीय निर्देशात सद्वर्तन ठरविताना बेदरकार वा वारंवार केलेल्या वाहतूक नियमभंगाचाही विचार करण्यास सांगितले आहे. त्यामुळे क्षुल्लक म्हणून सोडून देण्याचे क्षेत्र आणखी आकुंचित झाले आहे.

मायदेशातील नोंद हा याहून गुंतागुंतीचा भाग. प्रश्न 'कधीही' असा असल्याने तो नांदुऱ्याच्या पोलीस ठाण्यालाही लागू होतो. आपल्याकडे मोर्चेकऱ्यांना मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याच्या ६८ व ६९ कलमांखाली ताब्यात घेऊन सोडून देण्याची पद्धत रूढ आहे. समाजाच्या दृष्टीने हा गुन्हा नसतो. १९३० मध्ये पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला, १९७५ च्या आणीबाणीत हजारो लोक स्थानबद्ध झाले. अशा तुरुंगवासाचा आपण गौरवच करतो. परंतु परक्या देशाचा अर्ज 'गुन्हा केला काय' एवढेच विचारीत नाही. 'ताब्यात घेतले होते काय' असेही विचारतो. तेथे 'होय' लिहून कारण सांगणे, हाच थिंड यांचा मार्ग होता.

हा दंडक परक्यांचाच आहे असे नव्हे. भारताच्या नागरिकत्व अधिनियम, १९५५ मध्ये देशीयकरणासाठी चांगले चारित्र्य ही अट आहे. त्याच्या दहाव्या कलमाखाली फसवणूक, खोटे निवेदन किंवा महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून मिळविलेले नागरिकत्व काढून घेता येते आणि सतराव्या कलमाखाली जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. म्हणून परदेशात नागरिक झालेल्या मराठी माणसाचे ते नागरिकत्व असत्यामुळे रद्द झाले, तर त्याचे जुने नागरिकत्व आपोआप परत येत नाही. दडविलेल्या एका ओळीची किंमत केवढी असू शकते, हे यावरून समजावे.

निष्कर्ष

१. नागरिकत्वाच्या इतिहासात अर्जदाराचा भूतकाळ जितका घातक ठरला, त्याहून त्याचे गोपन अधिक घातक ठरले आहे. ज्या दोषाला कायदा क्षमा करतो, त्याच दोषाच्या नकाराला तो क्षमा करीत नाही.

२. पूर्ण प्रकटीकरण अर्जदाराला जसे बांधते तसेच शासनालाही बांधते. पंडित प्रकरण याचा ठळक पुरावा आहे.

३. प्रकटीकरण हे अन्याय्य कायद्यावरचे औषध नाही. वर्णावर आधारलेली अट सत्याने नव्हे, १९४६ च्या कायदेबदलाने दूर झाली. म्हणून अर्जदाराकडून सत्याची अपेक्षा करणाऱ्या शासनाने प्रश्न स्पष्ट विचारावेत आणि नोंदींना उत्तर देण्याची संधी द्यावी, हा आग्रहही तितकाच न्याय्य आहे.

४. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे विद्यार्थी परदेशी जाताना गुणपत्रके, जन्मदाखला व पोलीस पडताळणीची कागदपत्रे जपून नेतात. दंडाच्या पावत्या, समन्स व खटला निकाली निघाल्याचा हुकूम यांना मात्र ते रद्दीत टाकतात. निकालाची प्रत ही अपमानाची नव्हे, प्रकरण संपल्याची साक्ष असते. ती जपून ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, आणि पंडित व थिंड यांची प्रकरणे इतिहास व राज्यशास्त्राच्या वर्गात शिकविणे, हे प्राध्यापकवर्गाच्या सहज आवाक्यातील काम आहे.