इस्तंबूलचा इकामा

कोकणातल्या ज्या घरातले कोणी आखातात नोकरीला आहे, त्या घरात 'इकामा' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. परक्या मुलखात राहण्याचा परवाना, आणि तोही कामाला बांधलेला. तुर्की भाषेत हाच अरबी शब्द 'इकामेत' होऊन बसला आहे. नव्वद वर्षांपूर्वी असा इकामेत मिळावा म्हणून युरोपातले नामवंत विद्वान इस्तंबूलच्या दारात उभे होते. मुस्लिम देशाने ज्यू शास्त्रज्ञांना आसरा दिला, अशी ही हकीकत अधूनमधून अभिमानाने सांगितली जाते. ती खरी आहे, पण बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते.

७ एप्रिल १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने सरकारी नोकरांविषयी नवा कायदा केला. जर्मन विद्यापीठे सरकारी असल्यामुळे ज्यू आणि सरकारविरोधी मतांचे प्राध्यापक नोकरीतून निघाले. फ्रँकफर्टचे विकृतिशास्त्रज्ञ फिलिप श्वार्त्स झुरिकला निसटले आणि तिथे बेकार झालेल्या विद्वानांच्या याद्या करू लागले. त्याच सुमारास मुस्तफा कमाल यांना इस्तंबूलचे जुने 'दारुल्फुनून' मोडून युरोपच्या धर्तीवर विद्यापीठ उभारायचे होते. जिनिव्हाचे प्राध्यापक आल्बेर माल्श यांनी त्यासाठी अहवालही दिला होता. ६ जुलै १९३३ रोजी अंकाऱ्यात श्वार्त्स आणि शिक्षणमंत्री रशित गालिप समोरासमोर बसले. मंत्र्यांनी विषय सांगायचा, श्वार्त्स यांनी यादीतले नाव काढायचे. त्या एका बैठकीत तीसच्या आसपास जागा ठरल्या.

करार साधारण पाच वर्षांचे होते आणि पगार स्थानिक प्राध्यापकांपेक्षा कितीतरी जास्त. कुटुंब आणता येई, मदतनीसही आणता येत. अटीही होत्या. सुरुवातीला दुभाष्याकडून व्याख्यान द्यावे, पण तीन वर्षांत तुर्की शिकून तुर्कीत शिकवावे आणि तुर्कीत पाठ्यपुस्तके लिहावीत. दंतवैद्यकाचे प्राध्यापक आल्फ्रेड कान्टोरोविच तर नाझींच्या छळछावणीत होते. तुर्कांनी मागणी केल्यावर ते सुटले आणि इस्तंबूलला पोचले. रुडोल्फ निसेन यांच्यासारखा शल्यविशारद आला. नगररचना शिकवायला एर्न्स्ट रॉयटर अंकाऱ्यात आले; हेच पुढे पश्चिम बर्लिनचे महापौर झाले. एरिख आउअरबाख यांनी युरोपीय साहित्यावरचा आपला सर्वांत गाजलेला ग्रंथ इस्तंबूलमध्येच लिहिला.

आता उरलेली अर्धी गोष्ट. ३१ जुलै १९३३ ला दारुल्फुनून बंद झाले आणि दुसऱ्या दिवशी इस्तंबूल विद्यापीठ सुरू झाले. या एका रात्रीत जुन्या संस्थेतल्या दीडशेहून अधिक तुर्की अध्यापकांची नोकरी गेली. जर्मनीतून काढून टाकलेली माणसे ज्या खुर्च्यांवर बसली, त्यांतल्या काही अशाच रिकाम्या केलेल्या होत्या. त्यांचा यात काही दोष नव्हता, पण तुर्की सहकाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या कुठून आल्या ते यावरून समजते.

आणि परके म्हणजे सगळेच परके नव्हेत. आदल्याच वर्षी, १९३२ मध्ये, तुर्कस्तानने कायदा करून न्हावी, वेटर, मोटारचालक, छायाचित्रकार असे कितीतरी धंदे फक्त तुर्की नागरिकांसाठी राखून ठेवले होते. ग्रीक नागरिकत्व असलेल्या इस्तंबूलच्या हजारो लोकांना, ज्यांचे सारे आयुष्य त्याच गल्ल्यांत गेले होते, या कायद्यामुळे शहर सोडावे लागले. परक्या न्हाव्याला बंदी आणि परक्या शल्यविशारदाला पायघड्या! आजच्या कुशल कामगारांच्या व्हिसाचे गणित याहून फार निराळे आहे असे मला वाटत नाही.

सप्टेंबर १९३३ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी एका ज्यू आरोग्य संघटनेचे मानद अध्यक्ष या नात्याने तुर्की सरकारला पत्र लिहिले. चाळीस अनुभवी प्राध्यापक आणि डॉक्टर वर्षभर बिनपगारी काम करायला तयार आहेत, त्यांना येऊ द्यावे, अशी विनंती होती. पंतप्रधान इस्मत इनोनू यांनी नोव्हेंबरमध्ये नम्रपणे नकार कळवला. आम्ही या आधीच चाळीसहून जास्त जणांशी करार केले आहेत, हे त्यांचे एक कारण. जागा भरल्या होत्या.

ऑगस्ट १९३८ मध्ये नवा हुकूम निघाला. ज्या ज्यूंवर त्यांच्या स्वतःच्या देशात निर्बंध आहेत, त्यांना तुर्कस्तानात येण्यास आणि राहण्यास बंदी. म्हणजे ज्यांना आसऱ्याची सर्वांत जास्त गरज होती, नेमके तेच बाहेर. सरकारला हवे असलेले तज्ज्ञ तेवढे अपवाद. या हुकुमाचा अर्थ डिसेंबर १९४१ मध्ये बॉस्फरसच्या पाण्यावर दिसला. रुमानियाहून पॅलेस्टाइनला निघालेले 'स्त्रुमा' हे मोडकळीला आलेले जहाज इंजिन बिघडून इस्तंबूलला लागले. त्यावर साडेसातशेहून अधिक ज्यू निर्वासित होते. ब्रिटिश त्यांना पॅलेस्टाइनमध्ये घेईनात, तुर्क किनाऱ्यावर उतरू देईनात. दोन महिन्यांहून अधिक काळ जहाज बंदरात अडकून पडले. मोजकेच लोक उतरू शकले. २३ फेब्रुवारी १९४२ ला ते ओढून काळ्या समुद्रात सोडून देण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी सोव्हिएत पाणबुडीने ते बुडवले. पाण्यातून एकच तरुण जिवंत निघाला. त्याच शहरात, त्याच हिवाळ्यात, ज्यू प्राध्यापक वर्ग घेत होते.

त्यांचे आयुष्यही निर्धास्त नव्हते. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने परदेशातल्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. इस्तंबूलमधल्या परवान्यांवर 'हायमातलोस', म्हणजे मायदेश नसलेला, असा शेरा पडू लागला. हा जर्मन शब्द तुर्कीत 'हायमातलोज' म्हणून रुळला. करार वाढला तर राहायचे, नाही तर पुढचा देश शोधायचा. निसेन १९३९ मध्येच अमेरिकेला गेले होते. युद्ध संपल्यावर बाकीचेही बरेच जण पांगले.

व्यापारी कायद्याचे प्राध्यापक एर्न्स्ट हिर्श मात्र तुर्की उत्तम शिकले, तुर्कीतच शिकवू लागले आणि १९४३ मध्ये तुर्की नागरिक झाले. पुढे ते बर्लिनला परतले. त्यांनी मसुदा केलेला तुर्की व्यापारी कायदा १९५७ च्या पहिल्या दिवशी अमलात आला आणि २०१२ पर्यंत चालू राहिला.