रुंदावलेल्या कोरोनरी धमन्या : ईसीजीतील तालदोषाच्या खुणा

कोरोनरी धमनीचा काही भाग शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट किंवा त्याहून रुंद झाला, की त्या अवस्थेस कोरोनरी एक्टेशिया म्हणतात. अँजिओग्राफी केलेल्यांपैकी साधारण १ ते ५ टक्के जणांत ती आढळते. बहुधा उजवी धमनी रुंदावते. प्रौढांत धमनीकाठिण्य हे तिचे मुख्य कारण, तर मुलांत टोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये जपानमध्ये वर्णिलेला कावासाकी रोग.

पात्र रुंदावले की प्रवाह संथावतो. त्यामुळे गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि मोठा अडथळा नसतानाही हृदयस्नायूला रक्त अपुरे पडू शकते. अशा स्नायूचे सगळे भाग प्रत्येक ठोक्यानंतर एकाच वेळी पूर्ववत होत नाहीत. या विषमतेतून तालदोष उद्भवू शकतो, आणि तिचाच माग ईसीजीत घेतला जातो.

सर्वाधिक चर्चा निलयांचे हे पूर्ववत होणे नोंदवणाऱ्या टी लहरीच्या शिखरापासून तिच्या शेवटापर्यंतच्या अंतराची होते. निरोगी माणसात ते सुमारे ८० ते १०० मिलिसेकंद असते. नाडीच्या वेगाचा परिणाम कमी व्हावा म्हणून क्यूटी अंतराशी, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लहरीच्या शेवटापर्यंतच्या काळाशी, त्याचे गुणोत्तर काढतात. एक्टेशिया असलेल्यांत ही मापे सरासरीने जास्त असल्याचे अनेक लहान अभ्यासांत दिसले आहे. वेगवेगळ्या लीडमधील क्यूटीच्या फरकाला, म्हणजे क्यूटी डिस्पर्शनला, एकेकाळी मोठे वजन होते. तो फरक बराचसा एकाच टी लहरीकडे निरनिराळ्या कोनांतून पाहिल्याने पडतो हे कळल्यावर ते घटले. अलिंदांच्या उत्तेजनाची नोंद असलेल्या पी लहरीच्या रुंदीतील असाच फरक अलिंदांच्या कंपनाचा धोका सुचवतो. निलयांच्या उत्तेजनाची नोंद असलेल्या क्यूआरएसमध्ये जादा खाचा दिसल्यास स्नायूत व्रण असण्याची शंका येते.

खरी अडचण मोजणीत आहे. सेकंदाला २५ मिमी वेगाने सरकणाऱ्या कागदावरचा लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा. टी लहरीचा शेवट आधाररेषेत हळूहळू विरतो, त्यामुळे दोन जाणकारांच्या खुणांत अर्ध्या चौकोनाचा फरक सहज पडतो. उदाहरणार्थ, ८५ आणि १०० मिलिसेकंदांमधला फरक याहूनही लहान आहे. म्हणून ही मापे गटांच्या तुलनेत बोलकी ठरली, तरी एका रुग्णाचा उपचार केवळ त्यांवर ठरवणे योग्य नाही. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी ५०० मिलिसेकंदांपलीकडे गेल्यास मात्र कारण शोधावेच लागते : औषधे, पोटॅशियमची कमतरता. एरवी डाव्या निलयाची आकुंचनक्षमता, पूर्वीचा झटका आणि बेशुद्धीचा इतिहास हेच निर्णायक ठरतात.