मेंढा (लेखा) : जंगलाचा निर्णय ग्रामसभेचा

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे छोटे गाव. कागद कारखान्यासाठीची बांबूतोड, वणवे, अतिक्रमण यांचे परिणाम सुटेसुटे पाहिले तर किरकोळ वाटतात; साचत गेले की जंगलासह उपजीविकाही खचते. येथे जंगलाचे निर्णय ग्रामसभा घेते, तेही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मात्र बांबूचे वाहतूक परवाने वन विभागाच्याच हाती राहिल्याने हा हक्क बाजारात निरुपयोगी ठरत होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तिका ग्रामसभेकडे आली आणि गावाला स्वतःचा बांबू विकता येऊ लागला.